श्वास मोजले का? फ्लू-कोविडने दवाखान्यात दगावणाऱ्या माणसांबद्दल

तापीकाठची

मंडळी, मी निवृत्त स्टाफ नर्स. खान्देशातल्या निरनिराळ्या वॉर्डांत ३१ वर्षं ड्युटी केली. २००९ चा स्वाइन फ्लू पाहिला, २०१५ चा पाहिला, आणि निवृत्तीच्या तोंडावर कोविडच्या दोन्ही लाटा पाहिल्या.

धागा काढायला कारण परवाचं. आमच्या गल्लीतले नाना, वय ७१, शुगर आहे, बिडी सोडून दहा वर्षं झाली. पाच दिवस ताप-खोकला होता. सून म्हणाली, "ताप कालच उतरला ताई, आता काळजी नाही." मी सहज डोकावले. नाना खाटेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकून बसलेले. "ये माय, बस" एवढं म्हणायला त्यांना मध्ये थांबावं लागलं. मी गप्पा मारत त्यांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघत राहिले. खिशात चष्म्याचं घर होतं, ते वर-खाली होत होतं. घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत मोजलं. ३४. पोरगा ऑक्सिमीटर शोधायला धावला, तोवर मी रिक्षा बोलवायला सांगितली होती. नाना आज ऑक्सिजनवर आहेत, थोडं जेवतायत.

त्यांचा मुलगा शाळेत शिकवतो, चांगला वाचणारा माणूस. रिक्षात बसताना त्याने मला विचारलं, "ताई, श्वास पण मोजायचे असतात?" तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कोविडमध्ये आपण सगळे एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या स्कॅनचा, स्कोअर शिकलो, २५ पैकी किती ते फोनवर एकमेकांना सांगत होतो. रेमडेसिवीरची नावं-किमती पाठ झाल्या. आणि फुकटात मोजता येणारी गोष्ट कोणी शिकवलीच नाही.

दवाखान्यात दाखल झालेला श्वसनाच्या विषाणूचा पेशंट दगावतो तेव्हा कारणं कोणती, यावर डॉक्टर लोक पुष्कळ लिहितात. वय सगळ्यांत वरचं. मग शुगर, हृदयाचं दुखणं, किडनी, फुप्फुसाचा जुना आजार, कॅन्सर, अंगाची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. हे सगळं खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण केसपेपरवर या सगळ्यांना रकाना असतो, आणि एका गोष्टीला नसतो. ती म्हणजे पेशंट कितव्या दिवशी आणि कुठून कुठून फिरून आला. "हिस्ट्री" मध्ये आम्ही "ताप × ८ दिवस" लिहितो. त्या आठ दिवसांत काय झालं ते लिहायला जागा नसते.

२०१५ मधला एक माणूस सांगते. केळीच्या पट्ट्यातला, पन्नाशीच्या आत-बाहेर, धडधाकट. आठव्या दिवशी आणला. गावात दोन सलाईन, तीन इंजेक्शनं, तालुक्याला एक्स-रे, "छातीत कफ आहे" म्हणून परत घरी, मग जिल्ह्याला. मी व्हिटल्स (नाडी, बीपी, श्वास) घ्यायला गेले तर म्हणतो कसा, "माले काही व्हयेल नही ताई, पोरे उगाच घाबरनात." नखं निळसर. आधीच्या कागदांवर प्रत्येक ठिकाणी श्वासाचा आकडा एकच, २०. तीन दवाखान्यांत तीन वेळा २०. मी मोजले ते ३८ होते. पहाटे गेला. तो २० कोणीच मोजलेला नव्हता, हे आम्हा नर्सेसना कागद बघूनच कळतं, कारण न मोजता लिहायचा आकडा नेहमी १८ नाहीतर २० असतो. मीही नवीन असताना लिहिलाय. म्हणूनच सांगते आहे.

तुमच्या घरातले, गावातले अनुभव लिहा. डॉक्टर मंडळींनी चुका दुरुस्त कराव्यात.

केळीबाग

ताई, वाचून अंगावर काटा आला. रावेर तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे कापणीचे दिवस असले की माणूस ताप अंगावरच काढतो. घड काढायला गाडी उभी असते, व्यापारी थांबत नाही. आबांनी (वडील) २०२१ ला सहा दिवस असेच काढले. वाचले, पण तीन आठवडे दवाखान्यात होते.

एक विचारायचं होतं. ऑक्सिमीटर घरात आहे. केळीच्या चिकाने बोटं आणि नखं काळी पडलेली असतात, मशीन कधी ८८ दाखवतं, कधी ९७, कधी नुसत्या रेघा. कशावर विश्वास ठेवायचा?

पांझराकाठ

फिजिशियन आहे, धुळ्यात. केळीबाग, नखावर कसलाही गडद थर असेल, मेंदी, नेलपॉलिश, चीक, तर मशीन चुकू शकतं. थंड बोटावरही चुकतं. बोट धुवा, चोळून गरम करा, मधलं बोट वापरा, हात टेकवून ठेवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबा. पहिला दिसलेला आकडा धरू नका. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. सावळ्या, काळ्या त्वचेच्या माणसांत ही मशीनं ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात यावर शोधनिबंध आला. रक्तातला खरा ऑक्सिजन कमी असूनही मशीन ठीक दाखवतं, असं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. म्हणजे उन्हात राबणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या बोटावर ९४ आला तर मी तो "चांगला ९४" धरत नाही.

सिस्टर, तुमच्या मुख्य मुद्द्याला पूर्ण दुजोरा. न्यूमोनियाचा पेशंट किती धोक्यात आहे हे ठरवायला आम्ही कर्ब-६५ नावाचं साधं माप वापरतो. पाच गोष्टी: माणूस बरळतोय का, रक्तातली युरिया वाढली आहे का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहेत का, बीपी वरचं ९० च्या खाली किंवा खालचं ६० पर्यंत आलंय का, आणि वय ६५ किंवा पुढे आहे का. प्रत्येकाला एक गुण. यातली युरिया काढली तरी उरलेल्या चार गोष्टींवर माप चालतं, त्याला लॅब लागत नाही. एक घड्याळ आणि एक बीपीचं मशीन, बस. ते प्रत्येक उपकेंद्रात आहे. बरळणं आणि जोराचा श्वास तर घरचं माणूसही ओळखू शकतं.

कोविडसाठी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये असाच एक स्कोअर बनवला, ४सी नावाचा, एकूण २१ गुणांचा. त्यात वयाला एकट्याला ७ पर्यंत गुण आहेत. पुरुष असण्याला १. जुन्या आजारांना, दोन किंवा जास्त असले तरी, फक्त २. श्वासाच्या गतीला २, ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल तर २, भान हरपलं असेल तर २, युरियाला ३ पर्यंत, सीआरपीला (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) २. हे लोकांना सांगितलं की नवल वाटतं. "शुगर आहे म्हणून गेला" असं आपण म्हणतो, पण दाखल होतानाची त्याची अवस्था, श्वास, ऑक्सिजन, भान, किडनी, हे मिळून शुगरपेक्षा कितीतरी जास्त सांगत असतं. आणि ही अवस्था दुसऱ्या दिवशी वेगळी असते, सहाव्या दिवशी वेगळी. शुगर दोन्ही दिवशी तीच असते.

चोपड्याची लेक

पुण्यात असते, आई-पप्पा चोपड्याला. डॉक्टर, ते बरळण्याचं जरा विस्ताराने सांगाल का? आमच्या मोठ्या माय (पप्पांची आई, ८४) गेल्या हिवाळ्यात अचानक मला ओळखेनाशा झाल्या, रात्री उठून "म्हशी सोडल्या का" विचारायच्या. म्हशी विकून वीस वर्षं झाली. ताप अजिबात नव्हता. घरात दोन तट पडले. एक म्हणे वयाने होतं, दुसरा म्हणे कोणीतरी बाहेरचं बघा. दोन दिवस त्यात गेले. न्यूमोनिया निघाला.

पांझराकाठ

हाच तो सापळा. ऐंशीच्या घरातल्या माणसाला फ्लू किंवा न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. खोकलाही नसतो कधी कधी. कालपर्यंत ठीक असलेलं म्हातारं माणूस आज भरकटल्यासारखं बोलतंय, जेवण टाकलंय, नुसतं पडून आहे किंवा पडलंय, ही त्या वयातली तापाइतकीच मोठी खूण समजायची. वयाने विसरभोळेपणा महिन्या-महिन्याने येतो. एका रात्रीत येतो तो आजार असतो. मोठ्या माय आता कशा आहेत?

चोपड्याची लेक

बऱ्या आहेत. चालणं कमी झालंय, पण कळण्याची भाकरी आणि ठेचा स्वतःच्या हाताने खातात. धन्यवाद डॉक्टर.

आकडेमोड

मूळचा पाचोऱ्याचा, आरोग्याच्या आकडेवारीवर काम करतो. ताईंचा मुद्दा मनाला पटतो, पण एक सावधगिरीचा शब्द.

२०२० च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा कोविड मृत्युदर देशभर गाजला. १० टक्क्यांच्या वर गेला होता, देशाची सरासरी तेव्हा ३ च्या आसपास. टीव्हीवर आपल्या जिल्ह्याचं नाव रोज. लोक विचारायचे, खान्देशातला विषाणू वेगळा आहे का, आपल्या माणसांत काही कमी आहे का. विषाणू तोच होता. मृत्युदर म्हणजे भागाकार. वर मृत्यू, खाली सापडलेले पेशंट. तपासण्या थोड्या झाल्या आणि त्याही फक्त अत्यवस्थ माणसांच्या, की खालचा आकडा लहान राहतो आणि दर फुगतो. त्यात माणसं उशिरा आली, की वरचा आकडाही वाढतो. दोन्ही एकदम घडलं. पुढे तपासण्या वाढल्या, सोयी सुधारल्या, दर झपाट्याने खाली आला.

तेव्हा "दाखल झालेल्यांत अमुक टक्के गेले" असं वाचलं की आधी विचारायचं, दाखल कोणाला करत होते? ब्रिटनच्या त्याच ४सी अभ्यासात सुरुवातीच्या गटातले ३२ टक्के पेशंट दगावले. तो आकडा रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला लावायचा नाही. तो तिथल्या दवाखान्याच्या दारातून आत गेलेल्यांचा आहे.

आणि दुसरं. "व्हेंटिलेटरवर टाकलं की माणूस परत येत नाही" हे आपल्याकडे घराघरांत बसलंय. व्हेंटिलेटरवर गेलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात, कारण सगळ्यांत अत्यवस्थ तेच असतात. छत्री घेतलेल्यांच्या अंगावर पाऊस जास्त पडतो म्हणून छत्रीमुळे पाऊस पडतो असं म्हणण्यासारखं ते आहे. या समजुतीपायी नातेवाईक सही द्यायला बारा-बारा तास लावतात. तो उशीर कुठल्याच तक्त्यात येत नाही, इथे मात्र मी ताईंच्या बाजूने आहे.

तापीकाठची

आकडेमोड भाऊ, सहीसाठी थांबलेली माणसं मी रात्र-रात्र पाहिली आहेत. मुंबईच्या मामाला फोन, सुरतच्या जावयाला फोन. त्यांचा दोष नाही. पैसे किती लागतील ते कोणी नीट सांगत नाही, बरं होईल का ते कोणी सांगत नाही, आणि दारात उभं राहून पाच मिनिटांत ठरवायला सांगतात. मी माझ्यापरीने त्यांना बाकावर बसवून पाणी द्यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे: मशीन आजार बरा करत नाही, फुप्फुसाला थकवा उतरवायला वेळ देतं. त्यावर बरेच जण सही करायचे.

मोलगीकर

अक्कलकुवा तालुक्यात शिक्षक आहे. तुम्ही सपाटीवरची मंडळी "उशीर" म्हणता तो दिवसांचा. आमच्याकडे पाड्यावरून रस्त्यापर्यंत झोळीत आणायचा उशीर असतो, आणि पावसाळ्यात फ्लूचा जोर असतानाच नाल्याला पूर असतो.

एक गोष्ट या यादीत कोणी घातली नाही. सिकलसेल, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या भिल-पावरा समाजात त्याचं प्रमाण मोठं आहे. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून तो आलाय, त्यांना छातीचा साधा संसर्ग जिवावर बेततो. माझ्या वर्गातली एक मुलगी दर थंडीला आजारी पडायची. तिच्या आईला मी सांगून ठेवलंय, ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं की भगताकडे जायचं तर जा, पण गाडी आधी बोलव.

आणि नंदुरबारचं नाव निघालंच आहे तर चांगलंही लिहितो. डॉ. राजेंद्र भारूड कलेक्टर होते, साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल समाजातले, स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरल्यावर सगळे निवांत झाले तेव्हा त्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन बनवणारे प्लांट बसवून घेतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत सिलिंडरसाठी रांगा होत्या आणि आमच्या जिल्ह्यात ऑक्सिजन होता. वाया जाऊ नये म्हणून "ऑक्सिजन नर्स" नेमल्या, त्या पेशंटपाशी जाऊन कोणाला किती लागतोय ते तपासायच्या. दाखल पेशंटच्या जिवाला धोका कशाकशाचा असतो यात दवाखान्यात ऑक्सिजन आहे का हेही येतंच ना?

पांझराकाठ

येतंच. आणि सिकलसेलचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मीच लिहायला हवा होता. आपल्या भागाचे म्हणून आणखी दोन धोके सांगतो जे परदेशी यादीत शोधून सापडणार नाहीत.

जुना टीबी. औषधं पूर्ण झाली, टीबी गेला, पण फुप्फुसात व्रण राहिले. एक्स-रे बघितल्यावर कळतं की या माणसाची शिल्लक आधीच निम्मी आहे. दुसरं चूल. साठीच्या बाया येतात, आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही, पण फुप्फुसं चाळीस वर्षं बिडी ओढणाऱ्याची. काड्या-पऱ्हाट्यांचा धूर. कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडे घरोघरी जळणाला वापरतात. जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्यांचंही तेच, कापसाची तूस छातीत बसते. या लोकांना कोणी "सीओपीडी" (फुप्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार) असं कधी सांगितलेलं नसतं. विचारलं की म्हणतात, जुना आजार काही नाही, नुसता दमा आहे थोडा थंडीत.

उन्हाळ्याचंही सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये बाहेर बेचाळीसच्या वर पारा, अंगात ताप, तोंडाला चव नाही, पाणी जात नाही. पेशंट येईपर्यंत युरिया वाढलेली. स्कोअरमध्ये युरियाला एवढे गुण का, तर रक्त किडनीपर्यंत नीट पोचतंय की नाही, पाणी किती आटलंय, ते ती सांगते. घरी असताना लघवी किती वेळा झाली एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

गिरणाकाठ

डॉक्टर, एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमच्या गावात ताप आला की पहिल्याच दिवशी "पॉवरचं" इंजेक्शन मिळतं. दोन तासांत माणूस उठून बसतो. तेच कोविडमध्ये मोठ्या दवाखान्यातही देत होते, स्टेरॉइड. मग गावात दिलं तर वाईट आणि तिथे दिलं तर औषध, असं कसं?

पांझराकाठ

राग कसला, हा सगळ्यांत कामाचा प्रश्न आहे.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, जून २०२० मध्ये निकाल आला, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. हे मोठं यश होतं, औषध काही रुपयांचं. पण त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा झाला नाही. त्यांच्यात औषध घेतलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के आणि न घेतलेल्यांचे १४ टक्के होते. तेच औषध, तेवढाच डोस, फरक फक्त आजाराच्या कोणत्या टप्प्यावर दिलं याचा.

पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू वाढत असतो, तेव्हा स्टेरॉइडने अंगाची लढाई मंदावते. ताप दबतो, माणसाला हुशारी वाटते, घरचे निर्धास्त होतात. शुगर चढते. २०२१ मध्ये म्युकर, ज्याला लोक काळी बुरशी म्हणत, ती ज्यांना झाली त्यांच्यात शुगर आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. फ्लूच्या न्यूमोनियात तर स्टेरॉइड घेतलेल्यांत मृत्यू जास्तच आढळले आहेत. ते पेशंट मुळात जास्त आजारी असतील, हे आकडेमोड यांच्या छत्रीसारखं असू शकतं. पण फायदा झाल्याचा पुरावा नसताना पहिल्या दिवशी द्यायचं कारणच नाही.

रेमडेसिवीरचंही सांगून टाकतो, कारण त्यासाठी लोकांनी दागिने मोडले. डब्ल्यूएचओच्या सॉलिडॅरिटी चाचणीत २०२० मध्ये मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. २०२२ च्या अंतिम निकालात ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर न गेलेल्यांना थोडा फायदा दिसला. थोडा. ज्याच्यासाठी रात्रभर रांगा लावल्या ते हेच. आणि पोटावर झोपवणं, म्हणजे पालथं घालणं, याने अत्यवस्थ फुप्फुसाच्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आल्याचं २०१३ मध्येच फ्रान्सच्या चाचणीत दिसलं होतं. त्याला चार-पाच नर्स आणि वॉर्डबॉय लागतात, बाटली विकत आणून होत नाही.

फ्लूचं औषध वेगळं, ऑसेल्टामिवीर. ते ४८ तासांच्या आत सुरू झालं तर सगळ्यांत चांगलं, पण दाखल होण्याइतका आजारी असेल तर उशीर झाला म्हणून टाळायचं नाही. रिपोर्टची वाटही बघायची नाही.

गिरणाकाठ

समजलं डॉक्टर. हे आमच्या ग्रुपवर टाकतो. पॉवरचं इंजेक्शन माझ्या काकूंनी गेल्या आठवड्यातच घेतलंय. आज जाऊन बघतो.

चोपड्याची लेक

गिरणाकाठ भाऊ, काकूंचं कळवा.

मला तरुण माणसांबद्दल विचारायचंय. २००९ ला माझी मामेबहीण सात महिन्यांची गरोदर असताना स्वाइन फ्लूने गेली. ती २४ ची होती. वय हे पहिलं कारण, तर ती का गेली?

तापीकाठची

बाळा, वाचून फार वाईट वाटलं. २००९ चा तो फ्लू वेगळा वागला. साठीच्या पुढच्यांपैकी अनेकांच्या अंगात जुन्या कुठल्या विषाणूची ओळख शिल्लक होती, तरुणांत ती नव्हती. त्या वर्षी आमच्या वॉर्डात तिशी-चाळिशीतली माणसं जास्त होती. गरोदर बायका, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांतल्या, आणि खूप वजन असलेली माणसं, यांना त्याने सगळीकडेच जास्त गाठलं. पोट वर आलं की फुप्फुसाला फुलायला जागा कमी, त्यात बाळासाठी ऑक्सिजन जास्त लागतो. आणि गरोदरपणात धाप लागतेच म्हणून घरचे तिची धाप मनावर घेत नाहीत. औषध बाळाला बाधेल या भीतीने देतही नाहीत. गरोदर बाईला फ्लूचं औषध द्यायचं असतं, लवकर द्यायचं असतं. फ्लूची लसही गरोदरपणात घेता येते, दर वर्षी घ्यायची असते.

१९१८ च्या साथीतही वीस ते चाळीसमधली माणसं खूप गेली होती. आमच्या आजी सांगायच्या, एकेका घरातून कर्ती माणसंच उचलली गेली आणि पोरं आजोबांनी वाढवली. तेव्हाच्या बहुतेक मृत्यूंत फ्लूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झाला होता. आजही तसं होतं. ताप उतरून दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, कफ पिवळा किंवा रक्ताळलेला येतो. हा दुसरा ताप पहिल्याहून वाईट. त्याला घरी थांबायचं नाही.

पांझराकाठ

एक भर. हृदयाचंही असंच पाठोपाठ येतं. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लू निदान झाल्यावर पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहा पट आढळलं. ज्यांना स्टेंट आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी तापात रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. "ताप आहे म्हणून बाकीच्या गोळ्या चार दिवस थांबवल्या" हे मी दर आठवड्याला ऐकतो.

केळीबाग

ताई, घरच्यांनी श्वास मोजायचे म्हणजे नेमकं कसं? आबांच्या समोर मोजायला बसलं की ते मुद्दाम हळू घेतात.

तापीकाठची

बरोबर, म्हणून त्यांना सांगायचंच नाही. नाडी बघतेय असं सांगून मनगट धरा आणि डोळे पोटावर किंवा गोधडीवर ठेवा. गोधडीचा एखादा टाका निवडायचा, तो वर आला की एक. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, श्वास एकसारखा नसतो. पूर्ण मिनिट. चालून आल्यावर किंवा जेवल्यावर लगेच नको, पाच मिनिटं शांत बसू द्या. १२ ते २० ठीक. २० च्या वर गेले आणि तिथेच राहिले तर डॉक्टरांना दाखवायचं, त्या दिवशीच. ३० म्हणजे गाडी. तेव्हा मशीनवर ९६ का असेना.

दिवसातून दोनदा मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्या तारखेच्या चौकोनात. दवाखान्यात जाताना ते पान फाडून सोबत न्या. काल १८, आज सकाळी २४, संध्याकाळी २८, असं कोणी माझ्या हातात दिलं असतं तर मी डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतं.

धडगावची आशा

नमस्कार ताई, मी आशा आहे. धागा काल रात्री वाचला. आम्हाला लहान मुलांचे श्वास मोजायला शिकवलंय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, तेवढे किंवा त्याच्या वर गेले तर न्यूमोनिया समजून पाठवायचं. मी रोज बाळांचे मोजते. त्याच घरातला आजा कोपऱ्यात खोकत बसलेला असतो, त्याचे मी आजपर्यंत एकदाही मोजले नव्हते.

आज पाच घरं केली. ताप असलेल्या मोठ्या माणसांचे सगळ्यांचे मोजले. चार जण १८ ते २२ मध्ये होते. पाचवा म्हातारा, जुना टीबीचा, तिसरा दिवस, ३२. बोलत होता चांगला, "जातो उद्या बाजारानंतर" म्हणत होता. १०८ ला फोन केला, गाडी खालच्या रस्त्यापर्यंत आली, तिथवर पोरांनी खाटेवर नेला. मी सोबत गेले. दवाखान्यात पहिल्या कागदावर सिस्टरने २० लिहिलं. मी म्हटलं, ताई, मी घरी ३२ मोजलेत, परत एकदा मोजा ना. तिने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळ बघून मोजले. खोडून ३४ लिहिलं आणि लगेच ऑक्सिजन लावला.

बावीसवाला जो आहे, त्याच्या मुलीला रात्री परत मोजायला सांगितलंय. दहावीत आहे ती, वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि आकडा लिहून ठेवते म्हणाली. सकाळी जाऊन बघते.